खोलीचा आवाज मोजताना

स्पीकरमधून निघालेला आवाज श्रोत्याच्या कानापर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट थेट असते. दुसरी भिंती, छत आणि फरशीवर आपटून, वळसे घेत येते. घरातल्या लहान खोलीत या दुसऱ्या वाटेने येणारा आवाज बरेचदा थेट आवाजापेक्षाही अधिक असतो. त्यामुळे दुकानात स्वच्छ वाजणारे स्पीकर घरी आणल्यावर घुमू लागतात, तबल्याचा डग्गा फुगतो आणि गायकाचे शब्द अस्पष्ट होतात. अशा वेळी बहुतेक जण ॲम्प्लिफायर बदलतात किंवा आणखी महागडे स्पीकर घेतात, आणि खोलीतला दोष तसाच राहतो. खोलीचा आवाज मोजणारी सॉफ्टवेअर आता घरच्या संगणकावर चालतात. त्यांच्यामुळे हा दोष नेमका कोणत्या सुरात, कोणत्या जागी आणि किती आहे, हे आलेखावर पाहता येते.

सोलापूरच्या घरांतले ध्वनी

सोलापुरात आज बांधली जाणारी घरे विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, त्यांवर गुळगुळीत प्लास्टर, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खाली शहाबादी, कोटा किंवा चकचकीत टाइल अशी असतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे गार फरशी उघडीच ठेवली जाते. गालिचा क्वचित दिसतो. प्लास्टर, दगड आणि काँक्रीट हे पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या ध्वनिऊर्जेचा जेमतेम २ ते ५ टक्के भाग शोषतात आणि बाकीची खोलीत परत पाठवतात. जुन्या माळवदाच्या घरांत ओबडधोबड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, खांब आणि कोनाडे यांमुळे आवाज निरनिराळ्या दिशांना विखुरला जाई. नव्या घरात समोरासमोरच्या सपाट भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत राहतात. मोकळ्या खोलीत टाळी वाजवली की तिच्यामागून येणारी तारेसारखी झणझण हा त्याचाच परिणाम. दोन भिंतींत १० फुटांचे अंतर असेल तर आवाजाची एक फेरी सुमारे १८ मिलिसेकंदांत पुरी होते, म्हणजे सेकंदाला पंचावन्न-छप्पन्न फेऱ्या होतात.

प्रतिध्वनी आणि निनाद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत सुमारे ०.१ सेकंदाचे अंतर पडले तर कान त्यांना दोन वेगळे आवाज समजतो. त्यासाठी परावर्तन करणारी भिंत सुमारे १७ मीटर दूर असावी लागते. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर असलेला विजापूरचा गोल घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे. मुहम्मद आदिलशहाच्या या १६५६ साली पूर्ण झालेल्या मकबऱ्यात एकच हाक अनेकदा स्पष्टपणे परत ऐकू येते, ती या अंतरामुळे. घरातल्या खोलीत एवढे अंतर मिळत नाही. तिथे परत येणारे शेकडो आवाज एकमेकांत मिसळून मूळ आवाजामागे शेपटासारखे रेंगाळतात. हाच निनाद. प्रतिध्वनी ऐकू येत नाही म्हणून खोली निर्दोष आहे असे समजणे चुकीचे ठरते.

निनादाचे गणित

निनादाचे शास्त्र एका गैरसोयीच्या सभागृहातून जन्माला आले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नसे. १८९५ मध्ये वॉलेस सेबाईन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून, त्या थोड्या थोड्या मांडत, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ तो रात्रीच्या शांततेत मोजत असे. शोषणाचे एकक म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. या प्रयोगांतून निघालेले सूत्र आजही वापरले जाते: खोलीचे घनमीटरमधील आकारमान ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. आवाज ६० डेसिबलने खाली यायला किती सेकंद लागतात, म्हणजेच निनादकाल किती, ते यातून मिळते.

१२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच अशी बैठकीची खोली घेऊ. तिचे आकारमान सुमारे ३४ घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून सुमारे ६३ चौरस मीटर. सरासरी शोषण ५ टक्के धरले, तर रिकाम्या खोलीचा निनादकाल १.७ सेकंद येतो. संगीत ऐकण्याच्या घरगुती खोलीत तो साधारण ०.३ ते ०.५ सेकंद असावा. रिकाम्या खोलीत मागच्या मात्रेचा आवाज विरण्याआधीच पुढच्या दोन-तीन मात्रा वाजून जातात, आणि द्रुत लयीतला तबला म्हणजे नुसता गलबला होतो.

मंद्रातला घोळ

निनादाचे सूत्र मध्यम आणि उंच सुरांना ठीक लागू पडते. खालच्या सुरांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांची तरंगलांबी खोलीच्या मापाएवढी असते. २० अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की त्या लांबीत अडकून राहणारा पहिला स्थिर तरंग मिळतो. १२ फुटांसाठी तो ४७ हर्ट्झ येतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट म्हणजे ९४ आणि १४१ हर्ट्झवर पुढचे तरंग असतात. १० फुटांसाठी पहिला तरंग ५६ हर्ट्झचा. वर घेतलेल्या खोलीत रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ हर्ट्झवर दोन तरंग एकत्र येतात आणि तो सूर अधिकच फुगतो.

संगीतात याचा अर्थ काय होतो? पुरुष गायकाने काळी एकमध्ये लावलेला मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, आणि १२ फुटी खोलीतला तिसरा तरंग १४१ हर्ट्झचा. ध्वनिमुद्रणात तानपुरा आणि गळा यांचा तोल नीट साधलेला असला, तरी अशा खोलीत षड्ज आला की तो इतर सुरांपेक्षा मोठा होऊन रेंगाळतो.

बसण्याच्या जागेनेही फरक पडतो. स्थिर तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो आणि पहिल्या तरंगाचा खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. आपल्याकडे दिवाण किंवा सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, म्हणजे श्रोता नेमका जिथे मंद्र फुगतो तिथे बसतो. खुर्ची खोलीच्या मध्यावर आणली तर ४७ हर्ट्झ नाहीसाच होतो.

तापमानाचाही थोडा वाटा आहे. ४० अंशांना आवाजाचा वेग सुमारे ३५५ मीटर होतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी हे सगळे आकडे साधारण साडेतीन टक्क्यांनी वर सरकतात. ४७ चे साडेअठ्ठेचाळीस होतात. म्हणून थंडीत घेतलेले माप उन्हाळ्यात एकदा पडताळून पाहावे.

लागणारे साहित्य

घरगुती मापनासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे जॉन मलकाही यांनी तयार केलेले रूम ईक्यू विझार्ड. ते विनामूल्य मिळते आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. त्याच्या जोडीला मापनाचा मायक्रोफोन लागतो. गाण्याच्या मायक्रोफोनमध्ये काही सूर मुद्दाम उठावदार केलेले असतात, मापनाच्या मायक्रोफोनने मात्र सर्व सूर सारखेच पकडायचे असतात. मिनीडीएसपी या हाँगकाँगच्या कंपनीचा यूमिक-१ हा थेट यूएसबीला जोडता येणारा मायक्रोफोन या कामासाठी प्रसिद्ध आहे. प्रत्येक मायक्रोफोनची स्वतंत्र तपासणी करून त्याच्या अनुक्रमांकानुसार दुरुस्तीची फाइल दिली जाते. ती सॉफ्टवेअरमध्ये भरली की मायक्रोफोनचा स्वतःचा दोष वजा होतो. मोबाइलमधली ॲप ढोबळ अंदाजाला चालतात, पण मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असल्याने खालच्या सुरांबद्दल त्यावर विसंबू नये. शेवटची गरज म्हणजे मायक्रोफोन धरायला एक स्टँड. हातात धरलेल्या मायक्रोफोनचे माप ग्राह्य नसते, कारण माणसाचे शरीरही आवाज परावर्तित करते.

अनेक होम थिएटर रिसीव्हरमध्ये स्वयंचलित दुरुस्तीची सोय असते. डेनॉन आणि मरँट्झमधली ऑडिसी, यामाहाची वायपाओ आणि स्वीडनमधल्या उप्साला येथील डिरॅक कंपनीची डिरॅक लाइव्ह ही परिचित नावे. ती वापरली तरी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर स्वतंत्र माप घ्यावे. यंत्राने काय केले, हे त्याशिवाय कळत नाही.

माप घेण्याची पद्धत

मायक्रोफोन श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर, डोके जिथे असते त्या जागी ठेवावा. सॉफ्टवेअर एका स्पीकरमधून खर्जापासून टिपेपर्यंत चढत जाणारा सूर वाजवते. तो सहसा पाच-सहा सेकंदांचा असतो. २००० साली इटलीच्या अँजेलो फरिना यांनी मांडलेल्या या चढत्या सुराच्या पद्धतीत खोलीचा परिणाम आणि स्पीकरची विकृती गणिताने वेगवेगळी काढता येतात. मोजणीसाठी आवाजाची पातळी सुमारे ७५ डेसिबल पुरते. आधी डावा स्पीकर, मग उजवा, आणि शेवटी दोन्ही मिळून अशी मापे घ्यावीत. दोन्ही एकदम मोजले तर दोष कोणत्या बाजूचा ते समजत नाही.

मापाच्या वेळी पंखा आणि कूलर बंद असावा. यंत्रमागांच्या वस्तीत किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीजवळ पार्श्वभूमीचा खडखडाट सतत असतो. तिथे शांत वेळ शोधावी आणि चढता सूर अधिक लांबीचा घ्यावा. सुराची लांबी दुप्पट केली की गोंगाटावर सुमारे ३ डेसिबलची सरशी मिळते. खिडक्या रोज ऐकताना जशा असतात तशाच ठेवाव्यात. सेबाईनच्या हिशेबाने १ चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ चौरस मीटर पूर्ण शोषण, त्यामुळे बंद खिडक्यांचे माप उघड्या खिडक्यांच्या रात्री लागू पडत नाही. एकाच जागेच्या मापावरही थांबू नये. बसण्याच्या जागेभोवती वीतभर अंतरावर आणखी चार-पाच मापे घेऊन त्यांची सरासरी काढावी.

आलेख काय सांगतात

पहिला आलेख प्रतिसादाचा: आडव्या अक्षावर सूर, उभ्या अक्षावर डेसिबल. दुरुस्त न केलेल्या खोलीत २०० हर्ट्झच्या खाली त्यात डोंगर-दऱ्या दिसतात. शिखराची वारंवारिता खोलीच्या मापातून काढलेल्या आकड्यांशी जुळली तर ते स्थिर तरंगाचे काम. दरी दिसली तर स्पीकर आणि त्यामागची भिंत यांतले अंतर मोजावे. हे अंतर तरंगलांबीच्या पाव भागाएवढे असेल त्या सुरात भिंतीवरून परतलेला तरंग मूळ तरंगाला खोडतो. ६० सेंटिमीटर अंतराला ही दरी १४३ हर्ट्झच्या आसपास येते, १ मीटरला ८६ हर्ट्झजवळ.

दुसरा आलेख काळाचा. थेट आवाजानंतर किती मिलिसेकंदांनी कोणते परावर्तन आले, ते त्यात टोकांच्या रूपात दिसते. १ मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर जादा वाट. ४ मिलिसेकंदांवर उंच टोक असेल तर सुमारे १.४ मीटर जास्त चालून आलेला आवाज शोधायचा: बाजूची भिंत, काचेचा टीपॉय किंवा उघडी फरशी. तिसरा धबधबा आलेख. प्रत्येक सूर कसा विरत जातो हे तो दाखवतो. इतर सूर विरल्यावरही लांब सुळक्यासारखा उरलेला सूर म्हणजे खोलीत अडकलेला स्थिर तरंग. चौथा निनादकालाचा. लहान खोलीत तो २५० हर्ट्झच्या वरच विश्वासार्ह मानावा.

आधी जागा, मग कापूस

सर्वात मोठी सुधारणा खर्चाशिवाय होते. दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. डाव्या-उजव्या स्पीकरचे बाजूच्या भिंतींपासूनचे अंतर सारखे ठेवावे. बसण्याची जागा मागच्या भिंतीपासून सुटी करावी. लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतर हा सुरुवातीला धरायचा चांगला अंदाज, म्हणजे १२ फुटांत साडेचार फूट. मग स्पीकर वीत-वीत सरकवत पुन्हा मोजावे. दर वेळी आलेख जपून ठेवला तर कोणती जागा उत्तम, याचा निवाडा आठवणीवर सोडावा लागत नाही. सबवूफर असेल तर तो तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून खोलीच्या कडेकडेने मायक्रोफोन फिरवावा. जिथे आलेख सर्वात सपाट मिळतो, तिथे सबवूफर न्यावा.

यानंतर शोषण. सोलापूर हे कापडाचे शहर. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि घरोघरी ही कापडे असतात. त्यांचा उपयोग होतो, पण भौतिकशास्त्राच्या नियमाने. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती तिच्या छिद्रांतून हवेचे कण हलताना होणाऱ्या घर्षणामुळे. भिंतीला चिकटून हवेचे कण हलतच नाहीत. ते सर्वात जास्त हलतात भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झसाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटर आहे, १०० हर्ट्झसाठी सुमारे ८६ सेंटिमीटर. म्हणून भिंतीवर ताणून लावलेली चादर केवळ टिपेचे सूर खाते: सतार मंदावते, डग्गा मात्र घुमतच राहतो. तीच चादर चुण्या पाडून भिंतीपासून चार बोटे पुढे टांगली तर मध्यम सुरांपर्यंत पोहोचते. टेरी टॉवेलचे वळेदार विणकाम जाड असल्याने त्याचा परिणाम साध्या कापडाहून सरस.

मंद्रासाठी जाडी लागते. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली चार ते सहा इंच जाडीची कापसाची गादी हे इथे सहज मिळणारे साधन आहे. ६ बाय ३ फुटांच्या चार गाद्या भिंतींना उभ्या केल्या, त्यांचे मध्यम सुरांतले शोषण ७० टक्के धरले, तर आधीच्या १२ फुटी खोलीचा निनादकाल १.७ वरून सुमारे ०.७ सेकंदांवर येतो. जाड पडदे, सोफा, पुस्तकांचे कपाट आणि बसलेली माणसे उरलेली कसर भरून काढतात. गाद्या ठेवण्याच्या पहिल्या जागा दोन: बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेल्यावर श्रोत्याला त्यात जिथे स्पीकर दिसतो ती, आणि खोलीचे कोपरे, कारण सर्व स्थिर तरंगांचा दाब तिथे एकवटतो. कोपऱ्यात काचलोकर किंवा रॉकवूलचे तक्ते वापरायचे झाल्यास ते कापडात पूर्ण गुंडाळावेत आणि हाताळताना तोंडाला रुमाल बांधावा.

शेवटी सॉफ्टवेअर

खोली जमेल तेवढी सुधारल्यावर उरलेल्या दोषांसाठी इक्वलायझर. रूम ईक्यू विझार्ड शिखरांची वारंवारिता, उंची आणि रुंदी ओळखून उलट गाळण्या सुचवते. त्या संगणकावरच्या इक्वलायझर एपीओ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये किंवा स्वतंत्र ध्वनिप्रक्रिया यंत्रात भरता येतात. इथे तीन नियम पाळावेत.

पहिला: शिखरे कापावीत, दऱ्या भरू नयेत. दरी दोन तरंग एकमेकांना खोडण्यातून होते. आवाज वाढवला की खोडणारा तरंगही तेवढाच वाढतो. ६ डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला चौपट शक्ती लागते, १० डेसिबलला दसपट, आणि दरी मात्र तशीच राहते. तिच्यावर उपाय एकच, स्पीकर किंवा खुर्ची हलवणे.

दुसरा: अरुंद गाळण्या खालच्या सुरांपुरत्याच ठेवाव्यात. जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने खोलीचे वर्चस्व कोणत्या सुरापर्यंत असते ते काढता येते: निनादकालाला आकारमानाने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ २००० ने गुणावे. ०.७ सेकंद आणि ३४ घनमीटरला उत्तर येते सुमारे २९० हर्ट्झ. त्याच्या वरचे बारीक चढउतार डोके काही सेंटिमीटर हलले तरी बदलतात. ते दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

तिसरा: आलेख सरळ आडव्या रेषेवर आणण्याचा हट्ट धरू नये. कॅनडा आणि अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी श्रोत्यांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून दिसले की, चांगल्या स्पीकरचा आवाज खोलीत मोजला तर तो मंद्राकडून टिपेकडे हळूहळू उतरत जातो, आणि श्रोत्यांना तोच नैसर्गिक वाटतो. ओढूनताणून सपाट केलेला आवाज कर्कश भासतो.

इक्वलायझर वाजणाऱ्या आवाजाची पातळी बदलतो; भिंतीवरून परतणारा आवाज तो थांबवू शकत नाही. शिखर कापल्याने मंद्रातला सुळका आखूड होतो, पण मध्यम आणि उंच सुरांचा निनाद सॉफ्टवेअरने कमी होत नाही. त्याला कापूस, कापड आणि जाडीच लागते. म्हणून नवे उपकरण घेण्याआधी मायक्रोफोन आणावा, आहे त्या खोलीचे पहिले माप घ्यावे, जागा बदलावी, गाद्या-पडदे लावावेत, पुन्हा मोजावे आणि गाळण्यांना अगदी शेवटी हात घालावा. हा क्रम उलटा केला तर पैसा जातो आणि दोष उरतो.